शिडाच्या बोटीवरचा मद्यसाठा: परदेशी बंदरात तो जाहीर कसा करायचा, कागद कोणते लागतात

लांबच्या सफरीला निघालेल्या शिडाच्या बोटीवर पाणी, डिझेल, औषधं, सुटे भाग यांची यादी महिनाभर आधी तयार असते. वाइन आणि दारूच्या बाटल्या मात्र जागा मिळेल तिथे सरकवलेल्या असतात. मग तीन रात्रींच्या अर्धवट झोपेनंतर परदेशी बंदर गाठायचं, कस्टम्सचा अधिकारी केबिनमध्ये येऊन बसायचा आणि अर्जातल्या "बोटीवरील मद्य, लिटरमध्ये" या रकान्यापाशी पेन थांबायचं! तिथे अंदाजाने लिहिलेला आकडा चुकतोच. झडतीत चार बाटल्या जास्त निघाल्या, की विसरलात की लपवलंत हे ठरवणं तुमच्या हातात राहत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की या प्रक्रियेची सुरुवात बाटल्या बोटीवर चढवतानाच करा.

सवलत वेगळी, साठा वेगळा

सगळा घोळ इथे होतो. करमुक्त सवलत ही माणसाला मिळते, बोटीला नाही. बोटीवर चाळीस लिटर मावतात म्हणून चाळीस लिटर माफ होत नाहीत. सवलतीपलीकडे जे उरतं तो बोटीचा साठा, आणि त्याचे नियम वेगळे असतात.

सवलतीचे आकडे देशागणिक किती बदलतात ते पाहा. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या १७ वर्षांवरील व्यक्तीला ४ लिटर साधी वाइन, १६ लिटर बिअर आणि शिवाय २२ टक्क्यांपेक्षा कडक असलेलं १ लिटर मद्य आणता येतं. ऑस्ट्रेलियात १८ वर्षांवरील प्रत्येकाला सगळे प्रकार मिळून २.२५ लिटर. न्यूझीलंडमध्ये १७ वर्षांपासून पुढे ४.५ लिटर वाइन किंवा बिअर, आणि त्याशिवाय जास्तीत जास्त ११२५ मिलीच्या तीन बाटल्या कडक दारू. अमेरिकेत वयाची अट २१ वर्षं, आणि साधारणपणे १ लिटर. निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या कस्टम्सच्या संकेतस्थळावर चालू आकडा बघून घ्या, कारण सरकारं तो बदलत असतात.

उदाहरण घेऊ. बोटीवर दोन प्रौढ आणि दोन मुलं आहेत आणि ऑस्ट्रेलियाला पोहोचायचं आहे. मुलांची सवलत शून्य. मोठ्यांची मिळून ४.५ लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या सहा बाटल्या. कप्प्यात दोन डझन असतील तर अठरा बाटल्या, म्हणजे १३.५ लिटर, साठ्यात जातात. तिथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: मर्यादेपेक्षा जास्त मद्य आत आणलं तर कर फक्त वरच्या बाटल्यांवर लागत नाही, सगळ्याच मद्यावर लागतो.

साठ्याचं काय करायचं याचे बहुतेक ठिकाणी तीनच मार्ग असतात. कर भरून मोकळं व्हायचं, बोटीवरच्या कप्प्यात सील करून घ्यायचं, किंवा निघेपर्यंत कस्टम्सच्या ताब्यात द्यायचं. कोणता मार्ग खुला आहे हे तिथला अधिकारी ठरवतो. मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा असेल तर माझी पसंती नेहमी सीलला. सहा महिने थांबायचं असेल तर कर भरण्याचा विचार करा, कारण उन्हाळाभर बंद कप्प्यात तापलेली वाइन शेवटी ओतूनच द्यावी लागते.

पात्रता

सील करून साठा ठेवण्याची मुभा सहसा तात्पुरत्या आलेल्या परदेशी बोटीला असते. तिथेच विकायला किंवा कायमची ठेवायला आणलेल्या बोटीचं प्रकरण वेगळं. साठा स्वतःच्या वापराइतका वाटला पाहिजे. दोन माणसांच्या बोटीवर रमचे दहा खोके दिसले तर तो माल विक्रीचा समजला जाणार. जाहीर करण्याची जबाबदारी कप्तानाची असते, बाटली कोणाचीही असो. सोबत आलेल्या मित्राच्या पिशवीतली व्हिस्कीसुद्धा तुमच्या सहीखाली येते, म्हणून निघतानाच सगळ्यांना एकेक करून विचारा. संकोच करू नका.

मालदीव, कुवेत, सौदी अरेबिया अशा देशांत मद्य आत आणायलाच बंदी आहे. तिकडचा मार्ग असेल तर आधी एजंटामार्फत लेखी विचारणा करा. उत्तर हातात येईपर्यंत खरेदी करू नका.

कागदपत्रं

पासपोर्ट, खलाशी आणि प्रवाशांची यादी, बोटीचं नोंदणीपत्र आणि मागच्या बंदराचं निघण्याचं परवानापत्र, ज्याला स्पॅनिश बोलणाऱ्या बंदरांत झार्पे म्हणतात. हे सगळीकडे लागतं. मद्यासाठी त्यात भर पडते ती साठ्याच्या घोषणापत्राची. मोठ्या जहाजांसाठी १९६५ च्या फाल करारातून (सागरी वाहतुकीतली कागदपत्रं सोपी करणारा आंतरराष्ट्रीय करार) जे नमुना अर्ज आले, त्यातला तिसरा जहाजावरच्या साठ्याचा आणि चौथा खलाशांच्या खासगी सामानाचा. हौशी बोटींना तो करार बंधनकारक नाही, तरी त्याच धाटणीचा कागद तुमच्यासमोर येऊ शकतो, म्हणून माहिती त्याच क्रमाने तयार ठेवलेली बरी: वस्तू, प्रमाण, बोटीवर कुठे ठेवली आहे.

खरेदीच्या पावत्या जपा. कर भरायची वेळ आली तर किंमत सिद्ध करायला त्याच लागतात. करमुक्त दुकानातून घेतलेल्या मालाची कागदपत्रं वेगळ्या पाकिटात ठेवा.

यादीत प्रत्येक बाटलीचं नाव, प्रकार, मिली, टक्के आणि नग लिहा. उघडलेली बाटलीही लिहा, "उघडलेली, अंदाजे ४०० मिली" अशी. स्वयंपाकाची वाइन, फ्रीजमधली बिअर, कोणीतरी भेट दिलेली छोटी लिकर, सगळं. यादीच्या तीन प्रती काढा आणि बाटली संपली की त्याच दिवशी खोडा.

इथे एक अडचण येते ती थेट साठवणुकीतून. बाटल्या ठेवायला बोटीचा तळ उत्तम, कारण पाण्याच्या रेषेखाली गारवा असतो, अंधार असतो आणि वजनही खाली राहतं. पण तळात ओल असते. दोन महिन्यांत लेबलं सुटून लगद्यासारखी होतात आणि तुमच्या हातात उरतात नुसत्या हिरव्या बाटल्या. लेबल नसलेल्या बाटलीचे टक्के अधिकाऱ्याला कसे दाखवणार? म्हणून ठेवण्याआधी पक्क्या शाईच्या पेनने बुचावर किंवा काचेवर नाव, मिली आणि टक्के लिहून टाका आणि बाटलीला जुना मोजा चढवा. मोजा काच वाचवतो, लाटेत होणारी खणखणही थांबवतो. पुठ्ठ्याची खोकी मात्र धक्क्यावरच सोडा. त्यांच्या खाचांतून झुरळांची अंडी बोटीवर येतात. आणि ४० टक्क्यांच्या दारूची वाफ साधारण २६ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते, तेव्हा ती इंजिनच्या आणि शेगडीच्या शेजारी नको.

सील होणारा कप्पा

मी पहिल्यांदा सील करून घेतलं तेव्हा बाकाखालचा मोठा कप्पा मोठ्या हौसेने दाखवला होता. झाकणाला कडी, कडीला कुलूप. अधिकारी बाईंनी झाकण लावायला सांगितलं, शेजारच्या कप्प्याचं झाकण उचललं, दोन्हींमधल्या फळीच्या वरच्या फटीतून हात घातला आणि कुलूपबंद कप्प्यातली बाटली शांतपणे बाहेर काढून टेबलावर ठेवली. मग दुसरा कप्पा शोधत तासभर सामान उपसावं लागलं.

बोटीतले कप्पे आतून एकमेकांना जोडलेले असतात, ते वायर आणि पाइप जाण्यासाठी. सीलला चालणाऱ्या कप्प्याला तोंड एकच हवं, बाकी बाजू बंद हव्यात, आणि झाकणाला तार किंवा सीलपट्टी ओवता येईल अशी कडी हवी. बिजागरीचे स्क्रू बाहेरून काढता येत असतील तर तेही अधिकाऱ्याच्या नजरेत येतं. आणि त्या कप्प्यात औषधं, लाइफजॅकेट, समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह असं काहीही नसावं. बोटीत पाणी शिरलं आणि व्हॉल्व्ह सीलमागे असेल, तर काय कराल?

पोहोचल्यावर

बऱ्याच देशांना येण्याची आगाऊ सूचना लागते. न्यूझीलंडला किमान ४८ तास आधी, ऑस्ट्रेलियाला किमान १२ तास आधी. त्यांच्या हद्दीत शिरताना उजव्या बाजूच्या स्प्रेडरखाली, म्हणजे डोलकाठीच्या आडव्या दांडीखाली, पिवळा क्यू झेंडा चढवा. बोटीवर आजार नाही आणि प्रवेशाची परवानगी हवी आहे, असा त्याचा अर्थ. नेमून दिलेल्या धक्क्यालाच लागा. परवानगी मिळेपर्यंत कोणी उतरायचं नाही, आणि एक बाटलीही धक्क्यावर जाता कामा नये, रिकामीसुद्धा.

अधिकारी आले की यादी आपण होऊन पुढे करा. मुक्कामात लागेल तेवढं सवलतीत बसवून बाजूला काढा, उरलेलं त्यांच्यासमोर मोजून कप्प्यात ठेवा. सील लावल्यावर त्याचा क्रमांक यादीच्या प्रतीवर लिहून घ्या, सही-शिक्का घ्या आणि सीलचा फोटो काढा. दमट हवेत कागदी सील आपोआप सुटू शकतं. तसं झालं तर हात न लावता लगेच कार्यालयाला कळवा.

निघताना

निघण्याचा परवाना घ्यायला जाताना सीलची प्रत सोबत न्या. काही ठिकाणी अधिकारी बोटीवर येऊन सील तपासतात आणि स्वतः काढतात. काही ठिकाणी ते तुम्हालाच काढायचं असतं, पण हद्द ओलांडल्यावर. प्रादेशिक समुद्र साधारण १२ सागरी मैलांपर्यंत असतो. नक्की कुठे काढायचं ते विचारून कागदावर लिहून घ्या, आणि काढलं की वेळ आणि स्थान लॉगबुकात नोंदवा. पुढच्या बंदराची यादी त्याच पानापासून सुरू करा.