समुद्रसपाटी

जमिनीची उंची ज्या पातळीपासून मोजतात ती, भरती-ओहोटीच्या दीर्घकालीन नोंदींतून काढलेली सरासरी पातळी. ‘माध्य समुद्रपातळी’ ही तिची शास्त्रीय संज्ञा. समुद्राचे पाणी या पातळीवर क्षणभरच असते. चढताना व उतरताना ते तिला ओलांडून जाते.

भारतीय किनाऱ्यावर सुमारे २४ तास ५० मिनिटांत बहुधा दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात. सूर्याचे भरतीकारक बल चंद्राच्या सुमारे ४६ टक्के. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे दोन्ही बले एका रेषेत येऊन उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग (सर्वांत कमी चढउतार) असतो. चढउताराचा पल्ला मात्र किनाऱ्याच्या घडणीवर ठरतो : मुंबईस उधाणात चार-पाच मीटर, तर चिंचोळ्या होत गेलेल्या खंभातच्या आखातात दहा मीटरच्या आसपास. चंद्रकक्षेचे पातबिंदू (ती सूर्याच्या भासमान मार्गाला छेदते ते बिंदू) १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. म्हणून सरासरीसाठी सुमारे १९ वर्षांच्या नोंदी घेण्याचा प्रघात आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी १८७८ पासूनच्या आहेत.

भारतातील पहिले पातळीमापनाचे जाळे १८५८ ते १९०९ या काळात उभे राहिले. त्याला कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम व फॉल्स पॉइंट या नऊ ठिकाणच्या भरतीमापकांचा आधार होता. १९०९ च्या समायोजनात, म्हणजे मोजण्यांतील तफावती गणिताने जुळवताना, या नवांचीही सरासरी पातळी एकच, म्हणजे शून्य, धरली गेली. हे गृहीतक सोयीचे होते, पण पुढे टिकले नाही. बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावरील सरासरी पातळी अरबी समुद्राच्या किनाऱ्यापेक्षा काही डेसिमीटर उंच असल्याचे दिसून आले. याचे कारण म्हणून वारे व प्रवाह यांचाही विचार झाला आहे. तथापि मोठ्या नद्यांच्या गोड्या पाण्याने उपसागराचे पाणी कमी खारट व म्हणून हलके राहते, हे स्पष्टीकरण अधिक समाधानकारक वाटते.

किनाऱ्यावरचे हे शून्य शेकडो किलोमीटर आत, नागपूरपर्यंत आणले गेले ते दोन अंकित पट्ट्या व त्यांमधली दुर्बीण पुढे सरकवीत, टप्प्याटप्प्याने. नागपूरच्या झीरो माइल येथील षट्कोनी दगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची १,०२०.१७१ फूट (सुमारे ३११ मी.) दिली जाते. तेथील महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या (ब्रिटिशकालीन भारताच्या भूमापन मोहिमेच्या) प्रमाण तलचिन्हाचे, म्हणजे उंची नोंदलेल्या कायम खुणेचे, साल सामान्यतः १९०७ मानतात. समायोजन १९०९ चे असल्याने उंचीचा आकडा नंतरचा असावा. हा दगड ब्रिटिश भारताच्या भौगोलिक मध्यावर उभारला, असा समज शहरात दृढ आहे. दगडावर निरनिराळ्या गावांची अंतरे कोरलेली असल्याने त्याला बळ मिळते. परंतु तलचिन्हाचे काम मध्य दाखवणे नव्हे, उंची जतन करणे हे असते. तेव्हा या दगडाकडे प्रथम उंचीची खूण म्हणून पाहणे अधिक युक्त. नागपूरकराला समुद्राशी जोडणारी याहून थेट वस्तू शहरात क्वचितच असेल.

चंद्र-सूर्याच्या ओढीने घन भूकवचही दिवसातून दोनदा काही डेसिमीटर वरखाली होते. या भूभरतीत झीरो माइलचा दगड व भोवतालची जमीन एकत्रच हलतात, त्यामुळे ती डोळ्यांना जाणवत नाही.

उपग्रहांवरून मिळणारी उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, तर पृथ्वीच्या गणिती दीर्घवर्तुळजापासून (ध्रुवांकडे किंचित चपट्या गोलाकार पृष्ठापासून) मोजलेली असते. भारतात समुद्रसपाटी या पृष्ठाच्या खाली येते. नागपुरात हे अंतर ५० मीटरहून अधिक असल्याने दुरुस्ती न केलेला आकडा दगडावरील आकड्यापेक्षा तितकाच कमी भरतो.