रात्रभर एसी चालू ठेवल्याने वीज वाचत नाही

‘रात्री एसी बंद केला की सकाळी इमारत पुन्हा गार करायला दुप्पट वीज लागते, त्यापेक्षा चालूच राहू द्या.’ कितीतरी संस्थांत हा सल्ला वर्षानुवर्षे नियमासारखा पाळला जातो. तो चुकीचा आहे.

बाहेरची उष्णता भिंती-काचांतून किती आत शिरते, हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर उकाडा असताना आत रात्रभर 24 अंश राखले, तर हा फरक कायम राहतो आणि शिरलेली उष्णता बाहेर काढत कॉम्प्रेसर राबत राहतो. एसी बंद असला की आतलं तापमान चढतं, फरक घटतो, उष्णता शिरणंही मंदावतं. सकाळी यंत्रणेला काही काळ जोर लावावा लागतो, हे खरं. गैरसमजाचं मूळ तिथेच आहे, कारण ती उसळी डोळ्यांना दिसते. रात्रभरचा वापर पाहायला कोणी जागं नसतं.

वीजबिलात कमाल मागणीवर, म्हणजे एका वेळी लागणाऱ्या सर्वाधिक विजेवर, वेगळा आकार लागत असेल, तर सकाळी सगळी यंत्रं एकदम सुरू न करता टप्प्याटप्प्याने करावीत. सर्व्हर रूम, औषधांचा साठा, बुरशी धरणाऱ्या दमट जागा यांना मात्र वेगळा हिशेब लागतो.

यंत्रणेत गार हवा फिरवणाऱ्या पंख्यांचं गणित तर फारच बोलकं आहे: वेग 20 टक्क्यांनी उतरवला की वीज जवळपास निम्म्यावर येते.

सुट्टीच्या दिवशी रिकाम्या मजल्यावर जाऊन छताच्या जाळीखाली हात धरून पाहा. गार वारा लागला, तर टायमरमधलं वेळापत्रक आधी तपासा.