आफ्रिकेतलं गोड युरोपातून आलं? नाही!

‘आफ्रिकेत गोड पदार्थांची परंपराच नव्हती, जे काही आहे ते युरोपीय लोकांनी शिकवलेलं,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. ही समजूत बहुधा केक-पुडिंगलाच गोड मानल्यामुळे झाली असावी.

सेनेगलचं ‘चाक्री’ पाहा. वाफवलेली बाजरीची भरड आणि आंबवलेलं दूध, हा त्याचा गाभा. बाजरी मुळात पश्चिम आफ्रिकेचीच. सुमारे 4500 वर्षांपूर्वी ती तिथे पिकवली जात होती आणि आपल्याकडे आली तीही आफ्रिकेतूनच. दूध गुरं पाळणाऱ्या फुलानी लोकांचं. नायजेरियातलं ‘फुरा दा नोनो’ याच जोडीचं: मसाला घातलेले बाजरीचे उंडे दुधा-दह्यात कुस्करायचे. यात युरोपचं काय आहे? हल्लीच्या चाक्रीतली कारखान्याची साखर, व्हॅनिला, डब्यातलं आटवलेलं दूध ही भर मात्र नंतरची, हे मान्य करायलाच हवं.

घरी करायला सोपं आहे. एक वाटी बाजरीची जाडसर भरड पाण्याचा हबका मारून ओलसर करा, फडक्यावर पंधरा-वीस मिनिटं वाफवा. मग मोकळी करून, पुन्हा हबका मारून आणखी एकदा वाफवा. ही दुसरी वाफ टाळू नका, नाहीतर दाणा कचकचीत राहतो. पूर्ण गार झाल्यावर दोन वाट्या घट्ट दही, थोडं दूध, चवीपुरती साखर, जायफळ आणि मनुका घाला. तासभर थंड करून खा. भरड दही शोषून घेते, तेव्हा वाढताना थोडं दूध हाताशी ठेवा.