गाडीतला न दिसणारा प्रवासी

दोन अनोळखी माणसांनी एकच शेअर गाडी मागवली. दोघांना घ्यायची ठिकाणं वेगळी, सोडायची वेगळी. घेण्याआधी कुणाला सोडता येत नाही, एवढीच अट पाळायची तर हे काम सहा क्रमांनी होऊ शकतं. माणसं तीन झाली की क्रम ९० होतात आणि चार झाली की २,५२०. आसनांची मर्यादा बाजूला ठेवून दहा जणांचा हिशेब मांडला, तर आकडा दोन हजार लाख कोटींच्या पुढे जातो. मागणीनुसार धावणाऱ्या शेअर गाड्यांचं गणित अवघड आहे ते यामुळे.

तरी त्यातून मिळणारा फायदा मोठा असतो. न्यू यॉर्कमधल्या टॅक्सींच्या जुन्या नोंदी घेऊन २०१७ मध्ये एक अभ्यास झाला. प्रवाशांनी गाडी वाटून घेतली तर सुमारे १३,००० टॅक्सींची ९८ टक्के मागणी चार आसनी ३,००० गाड्या भागवू शकतात, आणि सरासरी तीन मिनिटंही थांबावं लागत नाही, असं त्यात दिसलं. अशा हिशेबांत इंधनाला सहसा जागाच नसते, कारण टाकी पाच मिनिटांत भरते.

गाडी विजेची असेल तर मात्र बॅटरी हा एक जादा प्रवासी होतो. तिलाही कुठेतरी जायचं असतं, तिथे बराच वेळ थांबायचं असतं आणि तिचं वेळापत्रक इतरांशी जुळेलच असं नाही. आत प्रवासी असताना गाडी चार्जरला लावून बसणं कुणालाच चालणार नाही. म्हणून चार्जिंग बसवायचं ते रिकाम्या वेळात.

किती चार्ज करायचं, हा प्रश्न इथे सगळ्यात मजेदार. लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरून बसतात. सुरुवातीला थर मोकळे असल्याने ते भराभर शिरतात. पुढे जागा कमी होत जाते. तेव्हाही तसाच जोर लावला, तर लिथियम आत न शिरता पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतं आणि बॅटरी खराब होते. म्हणून साधारण ८० टक्क्यांनंतर विजेचा प्रवाह आवरता घेतात. जलद चार्जरवर शेवटच्या वीस टक्क्यांना इतका वेळ लागतो, की तेवढ्यात गाडीच्या एक-दोन फेऱ्या सहज झाल्या असत्या. त्यामुळे दिवसभर थोडं थोडं चार्ज करायचं आणि पूर्ण भरायचं ते रात्री, सावकाश. ‘फुल’ करण्याची आपली सवय इथे तोट्याची.

आता खरी गोम. एक गाडी प्रवाशापासून चार मिनिटांवर आहे, पण तिची बॅटरी २० टक्क्यांवर आलेली. दुसरी सात मिनिटांवर, ६५ टक्के भरलेली. कुठली पाठवायची? प्रवाशाला चार्जरच्या शेजारीच उतरायचं असेल तर पहिली. ती त्याला सोडून तिथेच चार्जिंगला लागेल. चार्जर नसलेल्या दूरच्या टोकाला जायचं असेल तर दुसरी. ‘जवळ गाडी असताना लांबची का पाठवली’ म्हणून तो प्रवासी वैतागेल, पण यंत्रणेचं चुकलेलं नसतं. आधी माणसं वाटून द्यायची आणि मग उरल्या वेळात चार्जिंग कोंबायचं, ही पद्धत इथेच फसते. शिवाय दुपारी मागणी ओसरली की सगळ्याच गाड्यांना चार्जर आठवतो आणि तिथे रांग लागते.

थंडीत आणखी एक अडचण येते. पेट्रोलच्या इंजिनाची वाया जाणारी उष्णता गाडी ऊबदार ठेवते. विजेच्या गाडीत ती ऊब मुख्यतः बॅटरीतूनच काढावी लागते. उलट, दर चौकात थांबत जाणं विजेच्या गाडीला पेट्रोलगाडीपेक्षा सोसतं, कारण ब्रेक लावताना थोडी ऊर्जा परत मिळते. अशी सेवा प्रत्यक्षातही आहे: जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये २०१९ पासून ‘मोइया’ या कंपनीची शेअर सेवा विजेच्या सहा आसनी गाड्यांवर चालते.

गंमत म्हणजे वाहनांचे मार्ग आखण्याच्या या गणिताचा पाया १९५९ मध्ये डँट्झिग आणि रॅम्सर या दोन संशोधकांनी घातला, तो पंपांवर पेट्रोल पोचवणाऱ्या टँकरसाठी. आजही मोठ्या ताफ्यासाठी त्याचं अचूक उत्तर वेळेत निघत नाही, आणि प्रवाशाला तर काही सेकंदांत ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवायचं असतं. म्हणून संगणक पटकन एक बऱ्यापैकी उत्तर देऊन टाकतो आणि गाडी निघाल्यावरही कुणाला आधी घ्यायचं, कुठे चार्जिंगला थांबायचं, हे बदलत राहतो.