एसईओ सॉफ्टवेअरची निवड : सोलापूरच्या बाजारपेठेसंदर्भात

एसईओ सॉफ्टवेअर : गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांत एखादी वेबसाइट कोणत्या शब्दांना दिसते, कितव्या स्थानावर दिसते आणि दिसत नसेल तर का, हे तपासण्याची साधने. हे स्थान सुधारण्याच्या कामाला एसईओ म्हणतात. ‘शोधयंत्र अनुकूलन’ असा मराठी प्रतिशब्द आहे, पण तो लेखांतच राहिला. नवी पेठेतला चादरवाला असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखानदार, त्याची मागणी एका वाक्यात संपते : “गूगलवर वर यायला पाहिजे.” सॉफ्टवेअर निवडण्यातला घोळ याच वाक्यात आहे. कोणत्या शब्दाला वर, कोणत्या गावातल्या माणसाच्या फोनवर वर, हे ठरेपर्यंत कोणते साधन लागणार ते ठरत नाही.

साधने पुष्कळ आहेत. ती माहिती कुठून आणतात हे पाहिले की त्यांच्यातला फरक पटकन कळतो. गूगल सर्च कन्सोल हे गूगलचे स्वतःचे आणि फुकट साधन. त्यातली माहिती मोजलेली असते, पण ती फक्त आपल्या वेबसाइटची. सेमरश, एचरेफ्स, मॉझ ही बाहेरच्या कंपन्यांची साधने. ती स्वतःचे क्रॉलर (वेबसाइटची पाने आपोआप वाचत फिरणारे प्रोग्राम) फिरवून आणि शब्दांचे साठे बाळगून प्रतिस्पर्ध्यांचीही माहिती देतात, पण त्यातले ‘महिन्याला इतके लोक हा शब्द शोधतात’ किंवा ‘या साइटवर इतके लोक येतात’ हे आकडे अंदाजाचे असतात. तिसरा गट आपल्याच साइटची दुरुस्ती सुचवणारा : संगणकावर चालणारे स्क्रीमिंग फ्रॉग, वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीत प्लगइन म्हणजे जोडसाधन म्हणून बसणारे योस्ट किंवा रँक मॅथ. मोजलेला आकडा आणि अंदाजाचा आकडा एकाच तऱ्हेच्या रंगीत आलेखात दाखवला जातो, त्यामुळे घेणाऱ्याची फसगत होते.

सर्च कन्सोल पूर्वी ‘वेबमास्टर टूल्स’ या नावाने ओळखले जाई. सध्याचे नाव २०१५ मध्ये मिळाले. त्याच्या परफॉर्मन्स अहवालात शोधलेला शब्द, साइट किती वेळा दिसली, किती क्लिक आले आणि सरासरी स्थान काय, हे मागच्या १६ महिन्यांचे पाहता येते. पडद्यावर एका वेळी १,००० ओळींपर्यंतच शब्द मिळतात आणि फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द खासगीपणासाठी झाकलेले असतात. तरीही छोट्या व्यवसायाने पैसे भरण्याआधी दोन-तीन महिने हाच अहवाल वाचावा, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. पुष्कळांचे काम तिथेच भागते.

सोलापुरातल्या साइटचा हा अहवाल उघडला की पहिली गोष्ट नजरेत भरते ती स्पेलिंगची. शहराचे नाव इंग्रजीत आज ‘एस-ओ’ने सुरू होते, पण ब्रिटिश काळातले ‘एस-एच-ओ’ अजून मेलेले नाही. जुन्या गिरण्यांच्या नावांत आणि वडीलधाऱ्यांच्या सवयीत ते टिकून आहे. ‘चादर’ लिहिताना कुणी एक ‘डी’ घालतो, कुणी दोन. शेवटी ‘आर’च्या आधी एक ‘ए’ की दोन, हाही प्रश्न आहेच. देवनागरीत ‘सोलापूर’ दीर्घ आणि ‘सोलापुरी’ ऱ्हस्व हे शाळेत शिकवलेले असते, पण फोनवर बोट सरावाने ‘सोलापूरी’ टाइप करते. एकाच चादरीचे असे दहा-बारा शब्द होतात. अंदाज देणारी काही साधने जवळच्या रूपांची बेरीज करून एकच आकडा दाखवतात, काही प्रत्येक रूपाला वेगळा आकडा देतात, आणि कमी शोधल्या जाणाऱ्या मराठी रूपापुढे सरळ शून्य टाकतात. शून्य म्हणजे त्यांच्या साठ्यात तो शब्द नाही, एवढाच त्याचा अर्थ. सर्च कन्सोलमध्ये त्याच शब्दावर महिन्याला चाळीस वेळा साइट दिसलेली असू शकते, आणि त्यातली चार माणसे घाऊक गिऱ्हाईक असली तर कारखानदाराला आणखी काही नको असते.

म्हणून मराठी मजकुराच्या साइटसाठी साधन निवडताना पहिली कसोटी भाषेची लावावी. ती घरबसल्या लावता येते. वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये मुख्य शब्द म्हणून ‘सोलापुरी चादर’ टाकावा आणि खाली साधा परिच्छेद लिहावा : “सोलापुरी चादरीला जॅकार्ड मागाची नक्षी असते. सोलापुरी चादरी वर्षानुवर्षे टिकतात.” मराठी माणसाला इथे शब्द दोनदा आलेला दिसतो. ज्या साधनाला मराठी विभक्ती आणि अनेकवचन कळत नाही त्याला तो एकदाही दिसत नाही, कारण ‘चादर’चे ‘चादरीला’ आणि ‘चादरी’ झालेले असते. मग लाल दिवा लागतो. दिवा हिरवा करण्याच्या नादात मालकाचा भाचा प्रत्येक वाक्यात ‘सोलापुरी चादर’ कोंबतो आणि वाचणाऱ्याला तो मजकूर दुकानापुढच्या भोंग्यासारखा वाटतो. इंग्रजीसारख्या काही भाषांची शब्दरूपे ओळखण्याची सोय अशा प्लगइनांत असते; मराठीसाठी ती आहे असे गृहीत धरू नये.

अक्षरे मोजण्याचेही तसेच. बरीच साधने शीर्षक साठ अक्षरांच्या आत ठेवायला सांगतात. ‘सोलापुरी’ डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द. संगणक काना, मात्रा, वेलांटी, उकार वेगळे धरून आठ मोजतो. गूगल शीर्षक कापतो ते पडद्यावरच्या रुंदीनुसार, अक्षरसंख्येनुसार नव्हे. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर आणखी मजा होते : एका चिन्हाचे पत्त्यात टक्केचिन्हांसह नऊ वर्ण होतात, म्हणजे नुसती ‘चादर’ ३६ वर्णांची. शोधयंत्राला असा पत्ता चालतो. अहवालात मात्र कोणती ओळ कोणत्या पानाची ते माणसाला वाचता येत नाही. जे साधन तो पत्ता उलगडून मराठीत दाखवते ते घ्यावे, किंवा पत्ता रोमन लिपीत ठेवावा.

स्थानिक दुकानाची गोष्ट वेगळी. शेंगा चटणी, कडक भाकरी, लग्नाचा बस्ता यांसाठी शोध घेणारा माणूस बहुधा आधी नकाशा पाहतो, आणि तिथे वेबसाइटपेक्षा गूगल बिझनेस प्रोफाइल कामाला येते. ‘गूगल माय बिझनेस’चे हे नाव २०२१ मध्ये बदलले, बाजारात अजून जुनेच चालते. स्थानिक निकाल सुसंगती, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टींवर ठरतात, असे गूगल सांगते. यातल्या अंतराचा खेळ समजून घेण्यासारखा आहे. मालक स्वतःच्या गल्ल्यावर बसून स्वतःच्या फोनवर ‘शेंगा चटणी’ शोधतो, दुकान पहिले येते, तो खूश. तोच शोध सात रस्त्याला किंवा होटगी रोडला उभे राहून घेतला तर निकाल बदलतात. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावाहून आलेला माणूस होम मैदानावरून शोधतो, आणि त्याला काय दिसते ते मालकाला माहीतच नसते. लोकल फाल्कनसारखी साधने शहराच्या नकाशावर ठिपक्यांची जाळी टाकून प्रत्येक ठिपक्यावरचे स्थान दाखवतात. ब्राइटलोकलमध्येही अशी सोय आहे. एकाच दुकानाच्या मालकाने असे साधन एकदा वापरून चित्र पाहावे. दर महिन्याला पैसे भरण्याचे कारण नाही.

युनिफॉर्म शिवणाऱ्यांना याच्या उलट साधन लागते. शालेय युनिफॉर्म हा सोलापूरचा वाढलेला धंदा, आणि त्याचा गिऱ्हाईक सोलापुरात नसतोच. तो दुसऱ्या राज्यातला व्यापारी किंवा शाळा असते. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये सुरू होतात, उत्तरेत अनेक ठिकाणी नवे सत्र एप्रिलमध्ये लागते, त्यामुळे शोधाचे महिने राज्यागणिक बदलतात. यासाठी शोधांचे चढउतार दाखवणारे फुकटचे गूगल ट्रेंड्स पुरते. त्यात ० ते १०० अशी सापेक्ष पट्टी असते. १०० म्हणजे शंभर शोध असे समजणारे लोक भेटतात, ते चूक आहे. निवडलेल्या काळातला सर्वांत जास्त शोधाचा क्षण म्हणजे १००. राज्य बदलून पाहिले की कोणाकडे जाहिरात कधी सुरू करायची ते कळते. शब्दांचे आकडे गूगलच्या कीवर्ड प्लॅनर या जाहिरातदारांसाठीच्या साधनात शहरापर्यंत उतरून पाहता येतात. मात्र जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला नेमका आकडा न मिळता ‘१०० ते १ हजार’ असा पट्टा मिळतो. सेमरश किंवा एचरेफ्सची गरज पडली तर ती याच धंद्याला पडते, कारण दुसऱ्या शहरांतले स्पर्धक कोणत्या शब्दांवर माल विकतात हे गूगलची फुकट साधने सांगत नाहीत.

याच धंद्यात साइटची आतली तपासणीही महत्त्वाची. समजा वीस डिझाइन, सहा रंग, आठ मापे. प्रत्येकाला वेगळे पान केले तर ९६० पाने होतात आणि त्यांतला मजकूर जवळजवळ सारखाच. अशी पाने एकत्र कशी बांधायची, मूळ पान कोणते ते गूगलला कसे सांगायचे, हे क्रॉल करणारे साधन दाखवते. स्क्रीमिंग फ्रॉगची फुकट आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत चालते, पुढे वार्षिक परवाना घ्यावा लागतो. साठ-सत्तर पानांच्या चादरीच्या साइटला फुकट आवृत्ती पुरून उरते. चादरवाल्यांचे दुखणे निराळे असते : नक्षीचा धागा न् धागा दिसावा म्हणून फोनवरून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवलेला असतो. पान उघडण्याचा वेग तपासणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाकला की ते उघडे पडते. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, ही गूगलची कसोटी आहे. कमी वर्दळीच्या साइटला तिथे खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे मिळत नाहीत, नुसती प्रयोगशाळेतली चाचणी दिसते; फोटो जड आहेत हे सांगायला ती पुरेशी असते.

विक्रेत्यांच्या बोलण्यात ‘डीए’ हा शब्द हमखास येतो. डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी, साइटचे वजन सांगणारा मॉझने बनवलेला १ ते १०० चा अंक. गूगल तो वापरत नाही. शिवाय ही पट्टी लॉगॅरिदमिक आहे, त्यामुळे १० वरून २० वर जाणे सोपे आणि ७० वरून ८० वर जाणे महाकठीण. “मालक, दोन महिन्यांत डीए तीस करून देतो की,” हे वाक्य खरे होऊ शकते आणि तरीही एकही चादर जास्त विकली जात नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच लिहून ठेवले आहे.

सेमरश, एचरेफ्ससारख्या मोठ्या संचांची वर्गणी डॉलरमध्ये असते आणि मुख्य योजना महिन्याला शंभर डॉलरच्या वर जातात. पैसे भरण्याआधी चाचणीचे दिवस मिळाले तर ते नीट वापरावेत. सर्च कन्सोलमधून स्वतःच्या साइटचे दहा शब्द उतरवून घ्यावेत, त्यांतले निदान चार मराठी, आणि तेच शब्द नव्या साधनात टाकून दोन्हीकडचे आकडे वहीत शेजारी मांडावेत. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. जास्त शोधलेला शब्द दोन्हीकडे जास्त आणि कमी शोधलेला दोन्हीकडे कमी, एवढा क्रम जुळला तरी साधन कामाचे. दहांपैकी सहा शब्द त्याला माहीतच नसतील तर प्रतिस्पर्ध्याबद्दल ते जे सांगेल तेही तितकेच अर्धवट असणार. काम एजन्सीला दिले असेल तर हे संच तिच्याकडे असतातच. त्यांची वेगळी वर्गणी मालकाने भरू नये.

खाते कुणाच्या नावावर आहे, ही बाब सर्वांत शेवटी आठवते. वेबसाइट करून देणारा मुलगा सर्च कन्सोल, बिझनेस प्रोफाइल, सगळे आपल्याच जीमेलवर उघडतो, आणि नोकरी लागली की पुण्याला जातो. सर्च कन्सोलमध्ये ‘मालक’ आणि ‘वापरकर्ता’ असे वेगळे अधिकार आहेत. दुकानाचा ईमेल मालक म्हणून आणि काम करणाऱ्याचा वापरकर्ता म्हणून ठेवता येतो. ते राहून गेले असेल तर डोमेनच्या म्हणजे साइटच्या नावाच्या डीएनएसमध्ये (ते नाव कुठे जोडले आहे त्याच्या नोंदवहीत) एक टीएक्सटी म्हणजे मजकुराची नोंद घालून मालकी पुन्हा सिद्ध करता येते, मात्र त्यासाठी डोमेनचा पासवर्ड लागतो, आणि पुष्कळदा तोही पुण्यालाच गेलेला असतो.