व्हेंटिलेटर काढणं आणि मरायला मदत करणं

"व्हेंटिलेटर काढा म्हटलं, तर बाबांना मीच मारलं असं नाही का होणार?" इंदूरला रामबागेतल्या आमच्या शेजाऱ्यांनी आयसीयूच्या दाराशी हे विचारलं. वडिलांचा कॅन्सर यकृतात पसरलेला, शुद्ध नाही. त्यांच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होती, आणि ती घरोघरी होते.

आत्महत्येला वैद्यकीय मदत म्हणजे डॉक्टरांनी जीवघेणं औषध लिहून द्यायचं आणि रुग्णाने ते स्वतःच्या हाताने घ्यायचं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून हे चालतं. सहा महिन्यांच्या आतच मृत्यू येईल, असं दोन डॉक्टरांचं मत लागतं. आपल्याकडे हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली दहा वर्षांपर्यंत कैद.

व्हेंटिलेटर काढला तर माणूस जातो तो त्याच्या आजाराने. बरं करू न शकणारं यंत्र तेवढं बाजूला होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेलं इच्छापत्र, दोन साक्षीदारांसमोर करून नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे साक्षांकित करता येतं. ते नसलं तरी घरच्यांची संमती आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांचा होकार यावर निर्णय होतो. म्हणजे मुलाने एकट्याने बाबांच्या जिवाचा फैसला करायचा नसतोच. हे त्याला कुणी तरी आधी सांगायला हवं होतं.

प्रत्यक्षात होतं भलतंच. हॉस्पिटलवाले "घरी घेऊन जा" म्हणतात, 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' अशा कागदावर मुलाची सही घेतात, आणि रुग्ण मॉर्फीनशिवाय घरी येतो. रात्रभर कण्हतो. योग्य मात्रेतलं मॉर्फीन दुखणं शमवतं, जीव घेत नाही; तरी घरचे त्यालाही घाबरतात.

ज्याचा श्वास यंत्रावर नाही पण वेदना असह्य आहेत, त्याला उपचार थांबवून काय मिळणार, हा आत्महत्येला वैद्यकीय मदतीचा कायदा मागणाऱ्यांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. पण वेदनाशमन न मिळाल्यामुळे मरण मागणाऱ्याची ती मागणी मोकळ्या मनाने केलेली कशी मानायची? म्हणून आधी मॉर्फीन घरापर्यंत पोचू दे, असं माझं ठाम मत आहे. रुग्णाला घरी आणताना तेवढं तरी डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि रात्री दुखणं वाढलं तर फोन कुणाला करायचा, तेही विचारून ठेवा.