‘अरे, तिला तर मी मारलं होतं!’

कॉलेज रोडवर चहा घेताना रोल-प्लेइंग गेम्सचा (एखादं पात्र होऊन, त्याच्या वतीने निर्णय घेत खेळायच्या व्हिडिओ गेम्सचा) विषय निघाला, की ही तक्रार ठरलेली. ‘ती’ म्हणजे लेलियाना, ‘ड्रॅगन एज’ या गेम-मालिकेतली नायकाची साथीदार. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये (२००९) पवित्र रक्षेचा कलश विटाळला, तर ती खेळाडूवर उलटू शकते आणि तिथेच मरू शकते. त्याच मालिकेच्या २०१४च्या ‘इन्क्विझिशन’ या भागात मात्र बाई धडधाकट, वर हेरखात्याच्या प्रमुख.

एका भागातले निर्णय पुढच्या भागात न पोचण्याचं हे दुखणं जुनं आहे. १९८२मध्ये आलेला ‘विझर्ड्री’चा दुसरा भाग खेळायला पहिल्या भागातली पात्रं लागायची. ‘पूल ऑफ रेडियन्स’मधली (१९८८) टोळीही पुढच्या वर्षीच्या भागात नेता यायची. पण सोबत जायचा तो पात्रांचा अनुभव. त्यांनी केलेली पापं मागेच राहायची. कथेत निवडीला वजन आलं आणि घोळ सुरू झाला. हिशोब सोपा आहे: होय-नाहीचे दहा निर्णय म्हटले तरी १०२४ जगं होतात. त्यातलं प्रत्येक लिहायचं, त्याचे आवाज रेकॉर्ड करायचे, आणि बहुतेक खेळाडूंना त्यातलं बरंच काही दिसणारही नाही.

‘बाल्डर्स गेट २’ने (२०००) सरळ हुकूमच काढला: तुझ्यासोबत इमोएन, जाहेरा, खालिद, मिन्स्क आणि डायनाहेर होते. त्यातले खालिद आणि डायनाहेर सुरुवातीलाच मेलेले. पहिल्या भागात त्यांना कधी टोळीत घेतलंच नव्हतं, असं म्हणणाऱ्याचं ऐकतो कोण!

‘डॅगरफॉल’चं (१९९६) उत्तर मला सगळ्यात आवडतं. शेवट अनेक आणि एकमेकांना छेद देणारे. पुढच्या खेळांनी सांगितलं, काळच फाटला आणि ते सगळे एकदम घडले. पळवाट आहे खरी, पण नाशिककराला ती परकी वाटू नये. शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून नाशिक, आणि नऊ टेकड्यांवर वसलं म्हणूनही नाशिक. पंचवटीत दोन्ही ऐकायला मिळतं, कुणी कुणाला खोटं पाडत नाही.

निर्णय खरोखर पुढे न्यायचे, तर जुनी सेव्ह फाइल, म्हणजे आधीच्या खेळाची मशीनवर साठवलेली नोंद, हवी. आमच्या सायबर कॅफेत रात्री मशीन पुसून कोरी करत. आमचा नायक रोज नव्याने जन्मायचा. कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) बदलणाऱ्यांचीही हीच गत. म्हणून ‘ड्रॅगन एज’वाल्यांनी २०१४मध्ये ‘कीप’ ही वेबसाइट काढली: जुने निर्णय तिथे भरा, जग तयार करून घ्या. ‘विचर ३’ने (२०१५) त्याहून नामी युक्ती केली. सम्राटाच्या भेटीआधी नायक गेराल्टची दाढी चाललेली असते, आणि एक सरदार सहज विचारल्यासारखं मागचं एकेक विचारून घेतो. फॉर्म भरतोय असं वाटतही नाही.

‘ड्रॅगन एज’च्याच २०२४च्या ‘द व्हेलगार्ड’ने ‘कीप’ बाजूला ठेवलं. खेळ सुरू करताना मोजून तीन निर्णय विचारतात, तेही फक्त ‘इन्क्विझिशन’मधले. कलशाचं कुणी नावही काढत नाही.